हलू नका, सिस्टर

गारांनी मला त्यांच्या दारात आणून उभं केलं. नाहीतर त्या गल्लीत माझं काय काम होतं?

मार्च संपत आला होता. संध्याकाळी विहारात वंदना करून मी घरी निघाले होते. आभाळ दुपारपासून पिवळं पडलं होतं. एकाएकी वारं सुटलं, धूळ उठली, आणि टप्... टप्... बोराएवढ्या गारा! अवकाळी आम्हा नांदेडवाल्यांना नवा नाही, पण ह्या गारा डोक्यात बसत होत्या. पदर डोक्यावर घेतला आणि दिसेल त्या पहिल्या पत्र्याखाली शिरले.

आत मशीन चालू होतं. माणसाहून उंच, हिरव्या रंगाचं. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून पळणारं एक लांबच लांब पातं, रिबिनीसारखं बारीक. त्याला बँडसॉ म्हणतात हे मला नंतर कळलं. पात्यासमोर एक गृहस्थ उभे होते. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा, कानावर पेन्सिल. दोन्ही हातांनी ते एक फळी फिरवत होते. हळू... अगदी हळू. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना पालथं करतात ना, तसं.

मी एक पाऊल पुढं टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. नुसती हनुवटी हलवली — थांबा.

पत्र्यावर गारांचा असा कल्ला चालला होता की बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी हातानं विचारलं, इथं उभी राहू? त्यांनी डोळे मिटून उघडले — राहा. मी आणखी जरा आत सरकले. पुन्हा हनुवटी!

आता बघा, जन्मभर मी दुसऱ्यांना 'हलू नका' म्हणत आलेली बाई. बिलोलीच्या सरकारी दवाखान्यात टाके घालताना भलेभले पैलवान माझ्या एका शब्दावर ओंडक्यासारखे पडून राहायचे. आणि इथं एक अनोळखी माणूस मला हनुवटीनं जागेवर उभं करत होता... आणि मी उभी होते.

फळी पूर्ण फिरली. मशीन थांबलं. गाराही थांबल्या, जणू कोणी दोन्हींचं एकच बटण दाबलं. त्यांनी कापलेला तुकडा उचलून उजेडाकडं धरला. पोळपाट होता तो. काठावरून नजर फिरवली तर कुठं अडत नव्हती.

"माफ करा," ते म्हणाले. "गोलाई मधात सोडता येत न्हाई. थांबलं की पातं तिथं दात उमटवतं. मग पोळी लाटताना तुमच्या बोटाला लागतं."

"माझ्या?"

"म्हणजे..." ते गडबडले. चष्मा वर ढकलला. "ज्याच्या कोणाच्या घरी पोळपाट जाईल, त्याच्या बोटाला."

मला हसू आलं. त्यांनी एक फडकं पुढं केलं, भुशानं माखलेलं. मी ओल्या केसांकडं आणि फडक्याकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांनी ते निमूट मागं घेतलं आणि खुंटीवरचा धुतलेला टॉवेल आणला.

"मी आनंदराज. यष्टीच्या वर्कशॉपात सुतार होतो. रिटायर हाय आता."

"मी ज्योत्स्ना..."

"सिस्टर. बिलोलीच्या. माहीत हाय मला."

"कसं काय?"

"भाच्याचा हात मोडला होता, तवा आणलं होतं. लई बोंबलत होता. तुम्ही त्याला म्हणलात, 'रडायचं तेवढं रड, पण हात हलवू नको.' मी तिथंच होतो उभा. त्या दिवसापासून मीबी कामात हलत न्हाई."

अशी कित्येक पोरं, कित्येक हात... मला त्यातलं काही आठवत नव्हतं. पण कोणाला तरी मी आठवत होते. घरी जाताना रस्त्यात गारा वितळत होत्या आणि मी त्या टाळत, लहान मुलीसारखी उड्या मारत चालले होते. साठी उलटलेल्या बाईला शोभतं का ते?

चार दिवसांनी मी पुन्हा गेले. यावेळी काम होतं. खरंच होतं.

माझी बुद्धप्रिया लातूरला एका क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवते. जावई संघपाल कृषी खात्यात. लग्नानंतर लई वर्षांनी पोरीला दिवस गेले होते. ठरलं असं होतं, की बाळंतपणाला ती नांदेडला यायची, आणि बाळ जरा मोठं झालं की मी तिच्यासोबत लातूरला जायचं. कायमचं. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, नांदेडच्या घरात मी एकटीच. घर भाड्यानं द्यायचं, कुंड्या शेजारच्या गंगम्माला. "आई, तू नाही आलीस तर मला क्लास सोडावा लागंल," ती म्हणाली होती. मी शब्द दिला होता. आनंदानं दिला होता. गारा पडायच्या आधी.

हे सगळं मी आनंदराजांना सांगितलं. "पाळणा पाहिजे," म्हटलं. "जमिनीवर डोलणारा. तिच्या फ्लॅटच्या स्लॅबला कडीच नाही. आजकाल बांधताना कोणी सोडतच नाही. झोळी टांगावी तर पंख्याला?"

"झोळी न्हाई चालत का दुसरी कशी?"

"झोळी नकोच मला." माझा आवाज उगाच चढला. "माझी आई कापूस वेचायला जायची, तेव्हा मला बाभळीला लुगड्याच्या झोळीत टांगायची. वरून काटे पडायचे अंगावर. माझी पोर दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये झोळीतच वाढली. आमच्या घराण्यात पाळणा कोणी पाहिलेला नाही. माझ्या नातवंडाला सागवानी पाहिजे."

त्यांनी मुकाट्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि एका फळीवर रेघोट्या ओढायला लागले.

"सागवान हाय. जुन्या गाडीचं. पूर्वी यष्टीच्या बॉडीत सागवान असायचं. गाडी मोडली, भंगारात निघाली, तवा मी घेतलं. चाळीस वर्सं ऊन खाल्लेलं लाकूड हाय, आता वाकत न्हाई."

"बिलोलीच्या गाडीचं नाही ना? क्वार्टर सोडल्यावर मी रोज जायची. एक खिडकी अशी वाजायची, अशी वाजायची, की नांदेडपासून नरसीपर्यंत शेजारणीचं बोलणं कळायचं नाही."

"डावीकडची? मागून तिसरी?"

"हाव! तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बसवली होती." त्यांनी गंभीरपणे सांगितलं. "लई तक्रारी आल्या. तुमची त्यात होती का?"

"मी तोंडी करायची. रोज. कंडक्टरला."

"म्हणजे तवापासून शिव्या देऊन राहिल्या मला." आणि ते असे हसले की कानावर परत ठेवलेली पेन्सिल खाली पडली. दोघंही एकदम वाकलो. पेन्सिल त्यांच्या हाती लागली, आणि माझ्या हाती त्यांचं मनगट... क्षणभरच. नर्सची सवय म्हणा. नाडी जलद चालली होती.

पाळण्याचं अवघड काम म्हणजे त्याचे पाय. खाली दोन बाकदार पाय असतात, त्यांवर तो डोलतो. दोन्हींचा बाक एक पाहिजे, अगदी एक. केसाचा फरक पडला तर पाळणा लंगडतो आणि बाळ दचकतं.

"हातानं कापलं तर दोन सारखे निघत न्हाईत," ते म्हणाले. "माणसाचा हात हाय. त्याला फर्मा पाहिजे."

फर्मा म्हणजे काय ते त्यांनी पोळपाटावर दाखवलं. मशीनच्या टेबलावर एक फळी, तिच्यातून वर आलेला एक खिळा. लाकडाचा मध्य त्या खिळ्यावर टेकवायचा आणि लाकूड फिरवायचं. पातं जागेवर, खिळा जागेवर. मग गोल चुकूच शकत नाही. फक्त एक जपायचं. खिळा आणि पात्याचे दात समोरासमोर पाहिजेत, आणि खिळा हलता कामा नये.

"पण पाळण्याचा बाक मोठा. त्याच्या गोलाईचा मध्य टेबलावर मावत न्हाई. तो येतो पार तिकडं." त्यांनी बोट दाखवलं. मशीनपासून दूर, दारापाशी, एक लाकडी स्टूल होतं. त्याच्या कडेला खिळा ठोकलेला. तिथून एक लांब पट्टी निघून पात्यापर्यंत आली होती. पट्टीच्या त्या टोकाला सागवानाची फळी पक्की केलेली.

"फळी मी फिरवणार. फक्त त्या स्टुलावर कोणीतरी बसायला पाहिजे. वजन पाहिजे तिथं."

"म्हणजे मी जाड आहे."

"न्हाई न्हाई!" बिचारे घाबरले. "वजनदार म्हणलं मी. मान्यवर असतात तसं."

मी पदर खोचला आणि मान्यवरांसारखी स्टुलावर बसले.

"मशीन चालू असताना बोलायचं न्हाई. आन् हलू नका, सिस्टर."

"हे मला सांगता?"

मशीन सुरू झालं. मी श्वास रोखला. पट्टीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. मधे हात लांब केला तरी पोचणार नाही एवढं अंतर. फळी पात्यात शिरली, सागवानाचा वास सुटला, तेलकट, जरासा कडवट. पट्टी सावकाश सरकायला लागली. तिच्यासोबत तेही अर्ध्या अर्ध्या पावलानं सरकत होते. त्यांची नजर पात्यावर होती आणि माझी... माझी कुठं असावी? मी भिंतीकडं बघत होते. बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, आणि बाजूला एका सावळ्या बाईचा, हार घातलेला. त्यांची बायको, धुरपता. फार लवकर गेली होती, पोरबाळ नव्हतं. नाकात चमकी, डोळ्यांत हसू. मी मनातल्या मनात तिला जयभीम केला.

पहिला पाय निघाला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. ऊन ऊन होता. मी काठावरून बोट फिरवलं, ते कुठं थांबलं नाही.

"दुसरा उद्या," ते म्हणाले.

"आजच का नाही? अजून उजेड आहे."

"पातं तापलंय."

पातं तापलं होतं का, देव... म्हणजे मशीन जाणे. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरा पाय. तीच पट्टी, तेच स्टूल, तीच मी. फळी निम्मी कापून झाली होती. मशीनच्या आवाजात त्यांचे ओठ हलले. मला वाटलं काही सूचना आहे. मी कान दिला.

"पाळणा झाला की तुम्ही जाणार," ते पात्याकडं बघत म्हणत होते. "मग हितं करमणार न्हाई मला."

मी वळले. नुसती वळले नाही, अर्धी उठलेच. स्टूल सरकलं. अगदी दोराभर... पण पट्टीनं ते टोकापर्यंत पोचवलं. पातं करकरलं, फळीच्या बाकाला मधेच एक पोट आलं.

मशीन बंद केलं त्यांनी. दोघंही त्या फळीकडं बघत राहिलो.

"मशीन चालू असताना बोलायचं नसतं," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

"हाव."

"मग?"

"बंद असताना जमलं नसतं."

मी चप्पल घातली. "लाकूड वाया गेलं," एवढंच सुचलं.

"तेवढ्या लांबीचं दुसरं शोधावं लागंल," ते म्हणाले. "दिवस लागतील." आणि मला का कोण जाणे, त्या दिवस लागण्याचं बरंच वाटलं.

मग उन्हाळा आला, आमचा नांदेडचा, डांबर वितळवणारा. बुद्धप्रिया आली. पोट सावरत, पंख्याखाली बसून, मोबाईलवर पोरांच्या शंका सोडवत. पावसाळा लागता लागता तिला मुलगी झाली. काळेभोर केस, आणि रडणं असं की गंगम्मा भिंतीपलीकडून म्हणाली, "सिस्टर, ही बी क्लास घेणार बघा!"

शेकशेगडी, काढे, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं. यात मी बुडून गेले. त्या गल्लीकडं पाय वळले नाहीत. तेही आले नाहीत. येणार तरी कसे? कोण म्हणून? कधी विहाराच्या पायऱ्यांवर दिसायचे. "जयभीम." "जयभीम." "नात बरी हाय ना?" "बरी आहे." एवढंच... आणि मागं वळून न बघता दोघांनाही कळायचं, की दुसरा अजून तिथंच उभा आहे.

बुद्धप्रियाची रजा संपत आली. लातूरला निघायचं ठरलं. घराला भाडेकरू मिळाला. एका सकाळी दूध आणायचं निमित्त करून मी निघाले आणि पाय आपोआप त्या पत्र्याच्या शेडकडं गेले. मशीनचा आवाज येत होता.

दारात थबकले.

ते फळी फिरवत होते. दुसरा पाय. पट्टी सावकाश सरकत होती. आणि माझ्या स्टुलावर, माझ्या जागी, ऐटीत बसलं होतं वाळूचं एक पोतं.

फळी पूर्ण कापून होईपर्यंत मी हलले नाही. मशीन थांबलं. त्यांनी वळून पाहिलं आणि चेहरा असा झाला, जसा साखरेच्या डब्यात हात घातलेल्या पोराचा होतो.

मी पोत्याजवळ गेले. ताग पार काळा पडला होता, आणि बुडाशी स्टुलाच्या कडांचे खोल वळ. एका दिवसात पडणारे नव्हते ते.

"नवीन दिसतंय," मी म्हटलं.

"...न्हाई. जुनंच हाय."

"म्हणजे ते कायम असतं इथं."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

"मग मला कशाला बसवलं होतं, मिस्त्री?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

"पोतं बोलत न्हाई, सिस्टर."

"मी तरी कुठं बोलत होते? श्वाससुद्धा घेत नव्हते!"

"तरीबी."

बाहेर पावसाची भुरभुर लागली होती. पत्र्यावर वाजतही नव्हती, इतकी बारीक. मला रागावायचं होतं. जमेना.

"मग आज पोतं का बसवलं?"

"पोतं हलत न्हाई," ते म्हणाले. मग आवाज खाली गेला. "आन् पोतं लातूरला जात न्हाई."

दुधाची किटली माझ्या हातात होती. ती मी ह्या हातातून त्या हातात घेतली. पुन्हा ह्या हातात.

"तुम्ही शब्द दिलाय पोरीला," तेच म्हणाले. "तो मोडावा असं मला वाटत न्हाई. म्हणून तर पाय पुरा केला. तुम्ही व्हा पुढं. पाळणा सुटा सुटा करून मी घेऊन येतो, तिथं जोडून देतो. एक इनंती हाय फक्त."

"काय?"

"ते सिस्टर म्हणायचं सोडून देऊ का? मला... जड जाऊन राहिलंय ते."

मला इतकं हसू आलं की किटली खाली ठेवावी लागली. ते आधी बावरले, मग तेही हसायला लागले.

"मग काय म्हणाल?"

"ज्योत्स्नाबाई."

हसणं तिथंच थांबलं माझं. मला सगळे आई म्हणत होते, सिस्टर म्हणत होते, आता आजी म्हणणारी आली होती. माझं नाव... ते घेणारं माणूस गेल्यावर कोणी घेतलंच नव्हतं. ओल्या भुशाच्या वासात तो शब्द उभा राहिला. मी किटली उचलली आणि दूध न घेताच घरी आले.

लातूर वाईट नाही. सकाळी डाळमिलकडून भाजल्यासारखा वास येतो, पाठीवर ओझी घेतलेली पोरं क्लासला पळत असतात, संध्याकाळी गंजगोलाईच्या गोल बाजारात पाय ठेवायला जागा नसते. बुद्धप्रिया क्लासला जायला लागली. नात माझ्या मांडीवर झोपायची. पोरगी परत आली की तिच्या डोळ्यांत जो निवांतपणा दिसायचा, त्यासाठी मी आणखी दहा गावं सोडली असती. आणि तरीही दुपारी, नात झोपली की, मी गॅलरीत उभी राहून रस्त्यानं जाणारे टेम्पो बघायची.

भादव्यात एका रविवारी टेम्पो खाली थांबला. आनंदराज उतरले. पांढरा शर्ट, परीटघडीचा. केसांना तेल. माझ्या हातातला लंगोट तसाच दोरीवर लटकला.

"जयभीम, ताई," ते बुद्धप्रियाला म्हणाले. "तुमचं लातूर लई भारी हाय. गोलाईला वळसा घातला, तर वाटलं गावच कोणीतरी फर्म्यावर कापलंय."

संघपाल आणि त्यांनी मिळून लाकडं वर आणली. मग संघपाल बाजारला गेला. आनंदराज फरशीवर मांडी घालून बसले आणि पाळणा उभा राहायला लागला. बुद्धप्रिया नातीला कडेवर घेऊन बघत होती. मी आत चहाला आधण ठेवलं. कान मात्र बाहेर.

पाळणा उभा राहिला. बुद्धप्रियानं बोटानं ढकलला. तो गेला, आला, गेला... फरशीवर आवाज नाही, अडखळणं नाही. तिनं बाळाला आत ठेवलं. आमच्या कुळातलं पाळण्यात निजलेलं पहिलं पोर. नातीनं एकदा डोळे मोठे केले आणि मुठी सोडल्या.

"काका," बुद्धप्रिया खाली वाकून पायांकडं बघत म्हणाली, "एकाच वर्तुळाचे तुकडे आहेत ना हे? त्रिज्या बरीच दिसते. मध्य कुठं धरला होता?"

ते स्क्रू आवळत होते. काम करणारा माणूस कामाचं उत्तर देतो, तसं वर न बघता बोलून गेले.

"तुमच्या आई बसल्या होत्या तिथं."

स्क्रू ड्रायव्हर थांबला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. बुद्धप्रियानं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्या बाकदार लाकडाकडं. तिला गणितं सोडवताना मी लहानपणापासून बघत आले आहे. उत्तर सापडलं की तिचा खालचा ओठ दाताखाली जातो.

"एवढा वेळ?" तिनं विचारलं. "न हलता?"

"एकदा हलले," मी म्हटलं. "म्हणून तर उशीर झाला."

"कशानं?"

पाळणा आपला डोलत होता. बुद्धप्रिया उठली, माझ्या हातातला ट्रे घेतला, त्यांच्यापुढं एक कप ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी जरा जास्तच वाजली.

आम्ही गॅलरीत आलो.

"चुकलं माझं," आनंदराज म्हणाले. "तोंडातून गेलं."

"मशीन बंद होतं तरी गेलं?" मी म्हटलं. पण हसू काही येईना. "आनंदराज, मी तिला सोडून येऊ शकत नाही. तिला माझी गरज आहे. आणि मलाही ती..."

"सोडा म्हणून कोण म्हणतंय?" त्यांनी कठड्यावर हात ठेवले. "येता येता एक शेड बघून आलो. गूळ मार्केटच्या मागं. पत्रे जरा गळतात, पण मशीन मावतं."

"मशीन? तुम्ही... नांदेड सोडून?"

"मशीनचं काय, चार बोल्ट काढले की निघतं. माणसाचे जरा जास्त असतात."

"लोक हसतील. या वयात घरजावई म्हणतील."

"म्हणू द्या." रस्त्याकडं बघत ते म्हणाले, "धुरपता लग्न होऊन माझ्या घरी आली, तवा तिला कोणी इचारलं न्हाई, की बाई, गाव सोडून करमंल का तुला. मीबी न्हाई इचारलं. बाई येतच असते, असं वाटायचं. तिच्या खेड्याचं नाव काढलं की ती गप्प व्हायची, ते मला ती गेल्यावर कळलं. एकदा बाईनं घर सोडलंय माझ्यासाठी, ज्योत्स्नाबाई. आता माझी पाळी हाय. तुम्ही फक्त... हो म्हणा. न्हाई म्हणलात तरी पाळणा लंगडला तर दुरुस्तीला येईन."

त्यांच्या पांढऱ्या बाहीवर सागवानाचा भुसा लागला होता. मी तो बोटांनी झटकला. मग आणखी एकदा झटकला... तिथं काही उरलेलं नसताना. त्यांनी हात मागं घेतला नाही. रस्त्यावरून एक ऑटो भरभरून गाणी वाजवत गेला आणि आम्ही दोघं उगाच त्याच्याकडं फार लक्ष देऊन बघत राहिलो.

आत आले तेव्हा बुद्धप्रिया परातीत ज्वारीचं पीठ घेत होती. पाठमोरी.

"तू मला सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं.

"मला तरी कुठं कळलं होतं?"

"मला वाटलं, गॅलरीत उभी राहून तू नांदेडची आठवण काढतेस." तिचा आवाज जरा ओला होता. "मला वाटलं, मी तुला ओढून आणलं. रोज वाटायचं. तू एकदाही तोंडानं बोलली नाहीस, आई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झिडकारला नाही. नाक ओढलं आणि मनगटानं गाल पुसला. पिठाचा पट्टा उमटला.

"भाकरी किती जणांच्या टाकू?" ती म्हणाली.

"चौघांच्या."

"आजच्या ना?"

बाहेर आनंदराज नातीला काहीतरी सांगत होते, अगदी हळू आवाजात, तिला कळतंय अशा भावानं.

"रोजच्या," मी म्हटलं.

बुद्धप्रियानं माझ्याकडं वळून पाहिलं नाही. डब्यात हात घातला आणि परातीत आणखी दोन ओंजळी पीठ टाकलं.